काळ्या कुत्र्याचा बरा फोटो

काळ्या कुत्र्याचा फोटो काढणं हा काय वैताग आहे, हे ज्यांच्या घरी पांढरं कुत्रं आहे त्यांना सांगून कळायचं नाही. उन्हात काढला तर पाठ चकाकते आणि तोंड तव्याच्या बुडासारखं येतं. सावलीत काढला तर नुसता ठिपका. घरात दिवा लावून काढला तर ठिपका तोच, वर दोन हिरवे डोळे. आणि हे सगळं कुत्रं एका जागी बसलं तर. आमचं बसत नाही. फोन समोर धरला की त्याला वाटतं मी काहीतरी खायला देतेय. ते उठून फोन चाटतं आणि माझ्या हाती उरतो एका ओल्या नाकाचा फोटो. असे ओल्या नाकाचे शंभरेक फोटो माझ्याकडं आहेत.

कुत्रं आप्पांचं. आप्पा म्हणजे माझे वडील, वय एकोणऐंशी. आई गेल्यावर ते आजऱ्याकडचं गाव सोडून माझ्याकडं कोल्हापुरात, कळंब्याला राहायला आले. नवरा नोकरीपायी साताऱ्याला असतो, महिन्यातून एखाद्या शनिवारी येतो. मुलगा पुण्यात. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही तिघंच, आप्पा, मी आणि हे कुत्रं. सहा वर्षांपूर्वी आप्पांनी त्याला दूध डेअरीमागच्या गटारातून उचलून स्वेटरच्या आत घालून आणलं होतं. त्याला नाव आहे, मी हौसेनं ठेवलेलं. पण आप्पा कधी त्या नावानं हाक मारत नाहीत, "ए गड्या" म्हणतात, आणि ते येतं. मी नावानं हाक मारली तर कान तेवढा हलवतं.

मी कॉलेजात भूगोल शिकवते. तीन वर्षांपूर्वी नवा फोन घेतला आणि मला फोटोचं खूळ लागलं. प्राण्यांचे चांगले फोटो कसे काढावेत यावर जगात किती लोक बोलत असतात हे मला माहीत नव्हतं. सगळे पंचविशीतले, सगळ्यांच्या मागं हिरवळ, आणि सगळ्यांची कुत्री सोनेरी. एकजण म्हणाला, जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवर या. तो हिरवळीवर पालथा पडला, फोटो काढला, उठला. मी आमच्या ओसरीत पालथी पडले. बावन्नाव्या वर्षी पालथं पडणं सोपं असतं, उठायला नियोजन लागतं. ते नियोजन चालू असताना कुत्रं येऊन माझ्या पाठीवर बसलं, आणि शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून वाकून विचारलं, बरं आहे ना तुम्हाला? दुसऱ्यानं सांगितलं, चूं-चूं वाजणारं खेळणं वाजवा, कुत्रं मान वाकडी करून बघतं. आमचं बघितलंच नाही. पलंगाखाली जाऊन बसलं, आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आलं नाही. त्याचं काय कारण असेल असा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. मी पलंगाखालचा फोटो काढायचा प्रयत्न केला.

घरात आणखी एक फोटोग्राफर होता. माझा जुना फोन आप्पांना दिला होता. आप्पा निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली. आज या तालुक्याला, उद्या त्या. गाय अडली, म्हैस फुगली, की सायकल काढायची. विमा उतरवताना जनावराचा फोटो लागतो, तो काढून घेण्याची, खुणा लिहिण्याची आणि जनावर मेलं तर हेच ते जनावर म्हणून सही करण्याची जबाबदारी त्यांच्यावर असे. त्यामुळं आप्पांच्या लेखी फोटोचा एकच प्रकार आहे. भर बाराच्या उन्हात कुत्र्याला कंपाउंडच्या भिंतीला लावून उभं करायचं. डावी बाजू. उजवी बाजू. समोरून. आणि मागून. होय, मागून सुद्धा, शेपटी उचलून. चारही पाय दिसले पाहिजेत, कान दिसले पाहिजेत. कुत्रं त्यांच्यासमोर हे सगळं मुकाट करून घेई, याचा मला राग यायचा.

मी म्हणायची, आप्पा, हा काय फोटो आहे? यात भाव कुठाय? ते म्हणत, जनावर पुरतं दिसलं म्हंजे झालं.

मी त्यांचा फोन नेऊन ते फोटो स्टाफरूममध्ये दाखवून सगळ्यांना हसवलंय. हे आता लिहायला बरं वाटत नाही, पण हसवलंय. आप्पा ज्या गावांत नोकरी करत, तिथल्या काही घरांत त्यांना सोप्याच्या आत घेत नसत. आम्ही कोण हे गावाला ठाऊक असायचं. पण गाय अडली की तीच माणसं त्यांना हाताला धरून गोठ्यात नेत. अशा माणसाच्या लिहिण्यात कुणी एक अक्षर खोटं काढू नये, म्हणून ते खुणा लिहिताना चष्मा पुसून पुसून लिहीत. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी हसले.

त्याहून वाईट म्हणजे, मागच्या दिवाळीनंतर एकदा त्यांच्या फोनमधली जागा संपली. त्यांना गावाकडच्या मित्राचे मेसेज येईनात. ते म्हणाले, बघ गं जरा. मी बघितलं. फोनभर कुत्रं. डावी बाजू, उजवी बाजू, समोरून, मागून, दर महिन्याला एकदा, जणू दवाखान्याचं रजिस्टर. मी सगळे पुसले. कचऱ्याच्या कप्प्यात जातात, तिथूनही पुसले, कारण अर्धवट काम मला आवडत नाही. त्या जागी मी काढलेले दोन फोटो टाकून दिले, छानपैकी. आप्पा म्हणाले, "झालं का मोकळं?" मी म्हटलं, झालं. कुठले पुसले हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्यानंतर त्यांनी कुत्र्याला भिंतीला लावून उभं केलेलं मी बघितलं नाही.

तर जानेवारीत शहरातल्या एका प्राणिप्रेमी मंडळानं फोटोंची स्पर्धा ठेवली. मी ठरवलं, या वेळी पाठवायचाच. काळ्या कुत्र्यावर मी आता बराच अभ्यास केला होता. एका बाईंनी सांगितलं होतं की काळ्याला गोरं करायच्या मागं लागू नका, उलट सूर्य त्याच्या मागं घ्या, म्हणजे केसांच्या कडेनं उजेडाची रेघ येते आणि कुत्रं काळं ते काळंच राहतं. हे मला पटलं. त्याच बाईंनी असंही सांगितलं होतं की गळ्यातला पट्टा काढावा. पट्ट्यानं मानेची रेघ तुटते.

रविवारी सकाळी मी त्याला घेऊन कळंबा तलावाच्या बांधावर निघाले. रोज आप्पाच नेत, पण त्यांना सर्दी झाली होती. दारात उभं राहून त्यांनी सांगितलं, दोरी हातात धर. म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं मी हं म्हटलं.

तलावावर धुकं होतं, सूर्य नुकता वर आला होता. मी दोरी सोडली. पट्टा काढला आणि पर्समध्ये टाकला. चपला करणाऱ्या कारागिराकडून आप्पांनी तो मुद्दाम करवून घेतला होता. जाड चामडं, त्यावर पितळी पट्टी, पट्टीवर आप्पांचा फोन नंबर ठोकलेला. कुत्रं गवतात बसलं. पुढचे पाय पसरले, मान वर केली, पाण्याकडं बघायला लागलं. मी गुडघ्यावर बसले. पाठीवरून, कानांवरून, नाकाच्या शेंड्यावरून उजेडाची बारीक रेघ आली. मी बोट दाबलं.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो तो. हे मी आजही म्हणते.

त्यानंतर दोन क्षणांत रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली. सायलेन्सर काढलेली, हल्ली पोरं काढतात तसली, आणि नेमकी आमच्या मागं आल्यावर तिनं बार उडाल्यासारखा आवाज काढला. कुत्रं उठलं कधी आणि पळालं कधी मला दिसलंच नाही, कारण मी फोनमध्ये फोटो बघत होते. मान वर केली तेव्हा ते बांधाच्या टोकाला होतं. मी नावानं हाका मारल्या. मग "गड्या, ए गड्या" अशाही मारल्या, पण तोवर उसात शिरलं होतं. उसात शिरलेलं काळं कुत्रं कुणी शोधून दाखवावं.

दहा वाजेपर्यंत मी बांध, उसाच्या कडा, कारागृहाच्या भिंतीकडची वाट असं सगळं पालथं घातलं. मग घरी आले. आप्पा ओसरीत बसले होते. त्यांनी माझ्या मागं बघितलं, मग माझ्या हातातल्या दोरीकडं. मी पर्समधून पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. पट्टा का काढला तेही सांगितलं. मानेची रेघ तुटते हे वाक्य त्यांच्यासमोर बोलताना मला स्वतःचीच शिसारी आली.

आप्पा म्हणाले, "बरं."

नुसतं बरं. कोल्हापूरच्या माणसाला यातली भीती सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या घरात माया, काळजी, भूक आणि राग ही सगळी एकाच पट्टीत बोलली जातात आणि ती पट्टी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाते. भाजीत मीठ कमी पडलं तर आप्पांचा आवाज ऐकून शेजारी डोकावतात. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी त्यांनी मला भरमांडवात झापलं होतं, पिशवी विसरले म्हणून. तो माणूस बरं म्हणाला, पट्टा खिळ्याला अडकवला, पायजमा बदलून पँट घातली आणि सर्दीनं वाहत्या नाकानिशी एकटा तलावाकडं निघाला. मी मागून निघाले तर म्हणाले, "तू दमलीयास, बस." मला इतकं गोड बोलण्याची काही गरज नव्हती.

दुपारी मी कामाला लागले. हरवलं आहे, असा मजकूर केला, सोबत फोटो जोडला. कुठला? अर्थात सकाळचाच. सगळ्यात नवा तोच आणि सगळ्यात चांगलाही तोच. कॉलेजचा ग्रुप, कॉलनीचा ग्रुप, माझ्या माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप, भाजीवाल्याचा ग्रुप, सगळीकडं टाकला. पाच मिनिटांत फोन थरथरायला लागला. मी धावत जाऊन बघितलं.

वा मॅडम, काय फोटो. अप्रतिम. कुठला फोन वापरता? लाल बदाम, लाल बदाम, टाळ्या. एकानं लिहिलं, शुभ सकाळ. एका बाईंनी तो फोटो घेऊन त्यावर जीवनात प्रकाशाकडं तोंड करून बसावं असं काहीतरी लिहून परत आमच्याच ग्रुपवर पाठवला. खाली मी लिहिलेलं हरवलं आहे हे शब्द कापून टाकले होते, जागा पुरत नव्हती म्हणून.

मी दुसरे फोटो शोधायला बसले. दोन हजारांच्या वर फोटो माझ्याकडं त्या कुत्र्याचे. एकात नुसते डोळे, मागं सगळं धूसर. एकात पंजा आणि पंज्यावर पडलेलं पान. एकात मुलाच्या वाढदिवसाला त्याला बांधलेला फेटा, त्याखाली कुत्रं आहे हे आम्हाला माहीत म्हणून कळतं. पावसाच्या काचेमागचं कुत्रं. जांभई देणारं कुत्रं, म्हणजे घसा. ओली नाकं, ती वेगळीच. हे कुत्रं रस्त्यात दिसलं तर ओळखायचं कसं, याचं उत्तर देणारा एक फोटो मला सापडेना. डावी बाजू, उजवी बाजू, चारही पाय, असं जनावर पुरतं दाखवणारे फोटो घरात होते आणि ते मी माझ्या हातानं, कचऱ्याच्या कप्प्यासकट, पुसले होते.

आप्पा परत आल्यावर मी त्यांना हेही सांगितलं. लपवून ठेवायची ताकद उरली नव्हती. ते खुर्चीत बसले, पायमोजे काढले, घडी केली. म्हणाले, "असू दे."

पुढचे दोन दिवस मी गावभरची काळी कुत्री बघितली. फोटो चांगला असला की त्याला पाय फुटतात, तो कुठंही जातो. माझा फोटो आजऱ्यापर्यंत गेला, तिथून एका काजू कारखान्यातल्या माणसानं फोन केला की कुत्रं सापडलंय. सत्तर-ऐंशी किलोमीटर चालत गेलं का, असं विचारायचं मला सुचलं नाही, मी फोटो पाठवा म्हटलं. पाठवला. कुत्री होती आणि पिल्लांना पाजत होती. नृसिंहवाडीहून कुणीतरी घाटावर बसलेल्या कुत्र्याचा फोटो पाठवला, हेच का म्हणून. ते तांबडं होतं. मी तसं कळवलं तर उत्तर आलं, ताई, ओलं झाल्यावर काळं दिसतं. शहरात मी स्वतः तीन ठिकाणी जाऊन आले. तिन्ही कुत्री माझ्यावर भुंकली, ते बरोबरच होतं.

रोज संध्याकाळी घरी आलं की आप्पा विचारत, चहा घेतलास का? जेवलीस का? भाजीत मंगळवारी मी मीठच घातलं नव्हतं. ते शेवटच्या घासापर्यंत जेवले आणि ताट उचलून ठेवलं. मी उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. रडू मात्र आलं नाही. मला त्यांचा इतका राग आला होता की सांगता येत नाही. चूक माझी, सगळी माझी, हे मी चार वेळा कबूल केलं होतं. मग आता ओरडायला काय घेतील? ते कुत्रं परत आलं नाही तर हा माणूस असाच गोड बोलत, अळणी खात, खिळ्यावरच्या पट्ट्याकडं बघत दिवस काढील, आणि ते मला बघावं लागेल.

बुधवारी सकाळी आप्पांनी रेघांचा कागद मागितला. चष्मा पुसला आणि लिहायला बसले. तासभर लिहिलं. मग म्हणाले, ह्याच्या पन्नास झेरॉक्स आण. मी वाचलं.

"गावठी नर कुत्रा, वय सहा वर्षे, रंग काळा. डाव्या कानाच्या टोकास नखाएवढी खाच. छातीवर पांढरे केस, मोजके, आडवे. उजव्या मागील पायाचे बाहेरून दुसरे बोट नखासह पांढरे. शेपटी शेंड्याला मोडून बसलेली, डावीकडे वळते. खालचा उजवा सुळा अर्धा तुटलेला. ओढाळ नाही. चावत नाही." खाली त्यांचं नाव, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, फोन नंबर आणि सही. तारीखसुद्धा.

मी म्हटलं, आप्पा, एवढं कोण वाचणार? ते म्हणाले, "ज्याच्या घरी जनावर हाय, त्यो वाचंल." कॉलनीत नाही वाटले त्यांनी ते कागद. दूध डेअरीत दिले, वैरणीच्या दुकानात दिले, ऊसतोडीच्या टोळीत दिले आणि तलावापलीकडं गारगोटी रस्त्याच्या आत जी गुऱ्हाळं आहेत तिथं दिले. मी गाडी चालवत होते, ते मागं बसून होते. प्रत्येक ठिकाणी उतरून, वाचून दाखवून मगच कागद देत होते. मला आतून लाज वाटत होती, हे कबूल केलं पाहिजे. दोन हजार फोटो आणि इतके सगळे ग्रुप असलेली बाई हातानं लिहिलेला कागद वाटत फिरते आहे, असं विद्यार्थ्यांनी बघितलं असतं तर.

गुरुवारी अकराला आप्पांचा फोन वाजला. ते फोन स्पीकरवर टाकून बोलतात, त्यामुळं मलाही ऐकू आलं.

"पावणं, तुमचं कुत्रं हितं हाय. काल कागुद ठिवून गेल्तासा न्हवं? बोट पांढरं हाय की."

ते गुऱ्हाळ उसाच्या दोन फडांमधून आत होतं. आदल्या दिवशी आप्पा तिथं गेले तेव्हा मालक बाजारला गेले होते, गुऱ्हाळ बंद होतं, कुणीच नव्हतं आणि कुत्रं कुठंतरी भटकत होतं. कागद खांबाला खोचून आम्ही परतलो होतो. आज मालक दारातच उभे होते, पन्नाशीचे, बनियनवर, हाताला गूळ. मागं काहिलीत रस उकळत होता, चुलवाणात चिपाडं जळत होती आणि चुलवाणाच्या उबेला, राखेच्या ढिगाशी ते पडलेलं होतं. आप्पांनी "गड्या" म्हणेपर्यंत ते उठलं होतं. त्याचं पुढं काय झालं ते मी वर्णन करत नाही. आप्पा खाली राखेत बसले, एवढं सांगते. एकोणऐंशीव्या वर्षी, कसलंही नियोजन न करता.

मालकांनी मात्र कागद आणला. कुत्रं आप्पांच्या मांडीत शिरलेलं असताना सुद्धा त्यांनी खाच, केस, बोट, शेपटी एकेक तपासली, आणि आप्पांनी तोंड उघडून सुळा दाखवला. दोघांनाही यात काही वावगं वाटलं नाही. रविवारी दुपारीच कुत्रं तिथं आलं होतं. पाय चिरलेला, थरथरत होतं. कामावरच्या बायकांनी भाकरी घातली, गुळाची मळी चाटून चाटून चार दिवसांत चांगलं गुटगुटीत झालं होतं.

मी मालकांचे आभार मानले आणि म्हटलं, मी सगळीकडं फोटो पाठवला होता हो, तुमच्यापर्यंत पोचला नाही वाटतं. त्यांनी हात पुसून फोन काढला. बोटानं वर-खाली केलं आणि माझ्यासमोर धरला.

"ह्यो व्हय? रवारीच आलाय की. लई भारी फोटू. मी बी फुडं पाठिवला दोन ग्रूपवर."

मी विचारलं, तेव्हा कुत्रं कुठं होतं?

"हितंच की. माझ्या पायापशी."

मग ओळखलं कसं नाही? त्यांनी फोटोकडं बघितलं, कुत्र्याकडं बघितलं, परत फोटोकडं बघितलं. फोन जरा लांब धरला. "ह्यात कुत्रं हाय व्हय?" ते म्हणाले. "मला वाटलं डोंगार हाय, मागनं सूर्य उगवालाय."

चुलवाणाशी चिपाडं घालणारी बाई हसली, मग मालक हसले, मग मीही हसायला लागले. आप्पा हसले नाहीत. ते राखेतून उठले, गुडघे झटकले, आणि चार दिवसांत पहिल्यांदा मला त्यांचा आवाज ऐकू आला, खरा, गल्लीच्या टोकापर्यंतचा.

"हसतीस काय? अक्कल गहाण टाकलीस काय गं? जितराबाच्या गळ्यातलं काढायचं? रानात? कुनी शिकवलं तुला? फोनातल्या बाईनं? ती आली व्हती हुडकाय?"

गुऱ्हाळावरची सात-आठ माणसं काम थांबवून बघत होती. मी बावन्न वर्षांची, दोन वेळा आदर्श शिक्षिका, चिपाडांत उभी होते आणि बाप मला पोरीसारखी झापत होता. आणि मला बरं वाटत होतं. छातीवर चार दिवस ठेवलेलं ओझं कुणी तरी उचलून बाजूला ठेवावं तसं. मग मात्र रडू आलं, सगळ्यांदेखत, आवाज करून. मालक मध्ये पडले, आज्जा, ऱ्हाऊ द्या की, बाईमानूस हाय. आप्पा त्यांच्याकडं बघायलाही तयार नव्हते.

"मी आज हाय, उद्या न्हाय," ते म्हणाले. "माझ्या मागनं ह्याला कोन बगनार? तूच न्हवं?"

मी म्हटलं, मीच.

"मग सांग खुना. कागुद न बगता."

मी डोळे पुसले आणि सांगायला लागले. डाव्या कानाला खाच. छातीवर पांढरे केस, आडवे. उजव्या मागच्या पायाचं बाहेरून दुसरं बोट. शेपटी मोडून बसलेली, डावीकडं. खालचा सुळा तुटका, उजवा. आप्पा कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होते, एकेका खुणेला मान हलवत. मी थांबले. मला वाटलं, सगळ्या झाल्या.

"एक ऱ्हायली," ते म्हणाले.

मी कागद आठवून बघितला. ओढाळ नाही, चावत नाही. दुसरं काही नव्हतं त्यात.

"आवाजाला भितंय," आप्पा म्हणाले. आता आवाज खाली आला होता. "दर दिवाळीला मी ह्याला घिऊन न्हाणीघरात बसतोय, चार-चार तास, नळ सोडून. तुला वाटलं म्हाताऱ्याला पावणं नकोत. ती खून कागदावर लिव्हत न्हाईत. घरच्या मानसाला म्हाईत असती."

मी सहा वर्षांच्या सहा दिवाळ्या आठवून बघितल्या. दर वेळी मी पाहुण्यांना सांगितलं होतं, आप्पांना हल्ली माणसांचा कंटाळा येतो, आणि फराळाची ताटली न्हाणीघराच्या दाराशी ठेवून गेले होते.